बीएसडब्ल्यू यवतमाळचं, एमएसडब्ल्यू न्यू जर्सीचं: आधी कुणाला काय विचारायचं?

प्रश्न: मी यवतमाळची. तिथल्याच महाविद्यालयातून २०१५ साली बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, केलं, पदवी अमरावती विद्यापीठाची, ५८ टक्के. दुसऱ्या वर्षाचा एक विषय राहिला होता, तो पुढच्या परीक्षेत काढला. पेपर मराठीतून लिहिले. नंतर चार वर्षं एका संस्थेत बचत गट आणि शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांसोबत काम केलं. लग्नानंतर एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, एडिसनला आले. आता इथे एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं मास्टर्स, करायचं आहे. एक कन्सल्टंट म्हणतो, बीएसडब्ल्यू आहे म्हणजे एका वर्षात होईल. मैत्रीण म्हणते, आधी डब्ल्यूईएस (पदवीचं मूल्यांकन) करून टाक. ओळखीच्या एकाने सांगितलं, पदवी तीन वर्षांची आहे, चालणारच नाही. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर: नमस्कार. तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या आणि तिन्ही अर्धवट खऱ्या आहेत. तुमच्या पदवीबद्दल अमेरिकेत दोन वेगळे प्रश्न विचारले जातात आणि त्यांची उत्तरं दोन वेगळ्या संस्था देतात. इथेच सगळा घोळ होतो. पहिला प्रश्न: ही पदवी अमेरिकेतल्या बॅचलर्सच्या बरोबरीची आहे का? याचं उत्तर डब्ल्यूईएस, ईसीई यांसारख्या मूल्यांकन संस्था देतात, किंवा विद्यापीठ स्वतःच ठरवतं. दुसरा प्रश्न: ही पदवी समाजकार्याची पदवी म्हणून अमेरिकेतल्या बीएसडब्ल्यूशी जुळते का? याचं उत्तर डब्ल्यूईएस देऊ शकत नाही. ते सीएसडब्ल्यूई, म्हणजे कौन्सिल ऑन सोशल वर्क एज्युकेशन, देते. अमेरिकेतल्या बीएसडब्ल्यू आणि एमएसडब्ल्यू अभ्यासक्रमांना मान्यता देणारी हीच संस्था आहे. परदेशी समाजकार्य पदव्या तपासायला तिची एक स्वतंत्र सेवा आहे.

दोन वर्षांच्या नेहमीच्या एमएसडब्ल्यूला पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुरतं. तिथे बॅचलर्स कुठल्याही विषयातलं चालतं; इंग्रजी साहित्य घेतलेली मुलंही तुमच्या शेजारी बसतील. दुसरा प्रश्न येतो तो फक्त 'अॅडव्हान्स्ड स्टँडिंग' हवं असेल तेव्हा. म्हणून आधी रस्ता ठरवा आणि मग पैसे भरा. उलट केलं तर दोन्हीकडे फी जाते आणि हातात चुकीचा कागद येतो.

तुमचा कन्सल्टंट ज्या एका वर्षाबद्दल बोलतोय ते हेच अॅडव्हान्स्ड स्टँडिंग. ज्यांचं बीएसडब्ल्यू आधीच झालेलं आहे त्यांनी एमएसडब्ल्यूच्या पहिल्या वर्षात तेच पुन्हा शिकू नये, म्हणून पहिल्या वर्षाचा बराचसा भाग माफ करतात. ही सवलत कोणाला द्यायची हे मात्र एकट्या विद्यापीठाच्या हातात नाही. सीएसडब्ल्यूईचा नियम असा की बीएसडब्ल्यू एक तर तिच्या मान्यतेचं हवं, किंवा तिच्या परदेशी पदवी सेवेने मान्य केलेलं, किंवा ज्या देशाच्या मान्यता संस्थेशी तिचा करार आहे तिथलं. भारतात समाजकार्य शिक्षणाला मान्यता देणारी वैधानिक राष्ट्रीय परिषदच नाही, त्यामुळे करार करायला समोर कोणी नाही. आपल्यासाठी मधला एकच दरवाजा उरतो.

त्या दरवाजातून जायला काय लागतं? विद्यापीठाची अधिकृत गुणपत्रकं, तुमच्या वर्षांचा अभ्यासक्रम आणि फिल्डवर्कचा पुरावा. अमेरिकेत बीएसडब्ल्यूला किमान ४०० तासांचं फिल्डवर्क लागतं. तुमचे तास त्याहून जास्तच भरतील. आठवड्यातले दोन दिवस, रोज सहा तास, वर्षाला २५ आठवडे धरले तरी एका वर्षाचे ३०० तास होतात, आणि तुम्ही तीन वर्षं केलंय. पण गुणपत्रिकेवर फक्त फिल्डवर्कचे गुण छापलेले असतात, तास कुठेच नसतात. आयसी-जीसीच्या (वैयक्तिक आणि गट चर्चांच्या) नोंदी, ग्रामीण शिबिराचा अहवाल, एजन्सीची नावं हे सगळं कॉलेजच्या कपाटात. दहा वर्षांनी ते कपाट कुणी उघडेल का, हा खरा प्रश्न. आणि एवढं करूनही तीन वर्षांच्या बीएसडब्ल्यूला मान्यता मिळेलच असं धरून चालू नका.

तुमच्या बाबतीत तर याच्याही आधीची एक अडचण आहे. अॅडव्हान्स्ड स्टँडिंग देणाऱ्या बऱ्याच विद्यापीठांची अट असते की बीएसडब्ल्यू गेल्या पाच ते सात वर्षांतलं असावं. तुमचं २०१५ चं. म्हणजे मान्यतेचा कागद मिळवलात तरी पुष्कळ ठिकाणी तो वापरता येणार नाही. तुम्हाला हव्या असलेल्या दोन-तीन विद्यापीठांना आधी ईमेल करून बीएसडब्ल्यू किती जुनं चालतं ते विचारा. सगळ्यांनी नाही म्हटलं तर हा नाद सोडा आणि सीएसडब्ल्यूईच्या मूल्यांकनावर एक डॉलरही घालवू नका. चार वर्षांच्या नोकरीवर काही विषय सुटतील का, असंही तुमच्या मनात असेल. सुटणार नाहीत. जीवनानुभव किंवा नोकरी यांच्या बदल्यात समाजकार्याच्या विषयांचे क्रेडिट देऊ नयेत, हा सीएसडब्ल्यूईचाच नियम आहे. कुठल्या कन्सल्टंटने तसं कबूल केलं तर त्याला हा नियम दाखवा. तुमचा अनुभव प्रवेश मिळवायला उपयोगी पडेल, वर्ष वाचवायला नाही.

आमचं मत विचाराल तर दोन वर्षांचाच अभ्यासक्रम घ्या, आणि ते नाइलाज म्हणून नाही. पहिल्या वर्षात जे शिकवतात ते यवतमाळला शिकलेल्या गोष्टींची उजळणी नसते. मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्यविमा) कोणाला मिळतं, रुग्णाची माहिती कोणाला सांगता येते आणि कोणाला नाही, घरात मुलाला मारहाण होत असल्याची शंका आली तर फोन कुठे आणि किती वेळात करायचा, हे सगळं इथलं आहे. न्यू जर्सीत अशी रास्त शंका आल्यावर कळवणं प्रत्येक व्यक्तीवर कायद्याने बंधनकारक आहे, फक्त डॉक्टर-शिक्षकांवर नाही. एक वर्ष वाचवून थेट क्लिनिकल प्लेसमेंटला (एजन्सीतल्या फिल्डवर्कला) बसलं की हेच अंगावर येतं.

आता तीन वर्षांची पदवी. 'चालणारच नाही' हे चूक आणि 'सगळीकडे चालते' हेही चूक. डब्ल्यूईएसचं धोरण असं आहे की पदवी देणाऱ्या संस्थेला नॅकची (भारतातल्या उच्च शिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेची) ए किंवा त्यावरची श्रेणी असेल आणि विद्यार्थी पहिल्या किंवा दुसऱ्या श्रेणीत उत्तीर्ण असेल, तर भारतातली तीन वर्षांची पदवी अमेरिकेतल्या बॅचलर्सच्या बरोबरीची धरायची. ५८ टक्के म्हणजे दुसरी श्रेणी, ते ठीक. नॅकची श्रेणी नॅकच्या संकेतस्थळावर पाहा. ती दर फेरीला बदलू शकते, त्यामुळे कॉलेजच्या फाटकावरच्या फलकावर विसंबू नका. कॉलेजची श्रेणी वेगळी आणि विद्यापीठाची वेगळी असते हेही लक्षात असू द्या. इतर मूल्यांकन संस्थांचे निकष वेगळे आहेत. काही जणी याच पदवीला 'तीन वर्षांचं पदवीपूर्व शिक्षण' एवढंच म्हणतात. तेव्हा विद्यापीठाने दोन-तीन संस्थांची नावं देऊन 'यांपैकी कुठलीही चालेल' असं म्हटलं असेल तर निवड तुमची आहे, आणि ती विचारपूर्वक करा.

मैत्रिणीने 'डब्ल्यूईएस करून टाक' म्हटलं, पण डब्ल्यूईएसमध्येही वेगवेगळे प्रकार आहेत. कॅनडाच्या इमिग्रेशनसाठी जो अहवाल निघतो तो, म्हणजे ईसीए, इथे कामाचा नाही. पुष्कळ जण तोच काढून बसलेले असतात. 'डॉक्युमेंट-बाय-डॉक्युमेंट' अहवालात पदवीची बरोबरी कळते, पण विषयवार क्रेडिट आणि जीपीए येत नाही. एमएसडब्ल्यूसाठी बहुतेक ठिकाणी 'कोर्स-बाय-कोर्स' मागतात. त्यातही आयकॅप नावाचा प्रकार घेतलात तर तुमच्या गुणपत्रकांच्या तपासलेल्या प्रती अहवालासोबत विद्यापीठाला जातात आणि अमरावतीहून दुसऱ्यांदा कागद मागवायची वेळ सहसा येत नाही. फरकाचे पैसे वसूल होतात.

हे सगळं करण्याआधी प्रत्येक विद्यापीठाच्या समाजकार्य विभागाच्या प्रवेश कार्यालयाला ईमेल लिहा. सर्वसाधारण पदव्युत्तर प्रवेश कार्यालयाला लिहू नका. ते तुम्हाला संकेतस्थळाचा दुवा पाठवून मोकळे होतील. ईमेलमध्ये चारच गोष्टी विचारा: भारतातली तीन वर्षांची पदवी तुम्ही घेता का, घेत असाल तर कुठल्या संस्थेचं आणि कुठल्या प्रकारचं मूल्यांकन लागतं, ते अर्जासोबत हवं की प्रवेश मिळाल्यावर चालेल, आणि संख्याशास्त्र किंवा मानवी जीवशास्त्र असा एखादा पूर्वअट विषय आहे का. उत्तर लेखी घ्या आणि जपून ठेवा. पूर्वअट विषय निघालाच तर एडिसनमधलंच मिडलसेक्स कॉलेज तुमच्या घराजवळ आहे. तिथे एक विषय सुटा घेता येतो, एच-फोरवर शिकायला बंदी नाही, आणि इथल्या एका विषयात चांगली श्रेणी मिळाली तर जुन्या गुणांबद्दलची धाकधूकही कमी होते.

गुणांचं फार मनावर घेऊ नका. ५८ टक्के हे अमेरिकन डोळ्यांना नापास झाल्यासारखे दिसतात, पण मूल्यांकन करणाऱ्यांना आपली श्रेणीपद्धत ठाऊक असते. रूपांतर झाल्यावर हे गुण बहुधा बीच्या आसपास किंवा थोडे वर बसतात आणि एमएसडब्ल्यूला सर्वसाधारणपणे ३.० जीपीएची अपेक्षा असते. तुम्ही स्वतः ५८ ला १०० ने भागून ४ ने गुणू नका. अर्जात जीपीएची चौकट आली आणि मूल्यांकन हातात नसलं तर मूळ टक्केच लिहा, किंवा चौकटीच्या सूचनेत सांगितलं असेल तर रिकामी ठेवा.

राहिलेल्या विषयाबद्दल. तो लपवता येत नाही आणि लपवायची गरजही नाही. पण त्या विषयाच्या दोन्ही गुणपत्रिका द्याव्या लागतात, नापास झालेली आणि नंतर सुटलेली. फक्त शेवटची गुणपत्रिका दिली की एका वर्षाची बेरीज जुळत नाही आणि फाइल थांबते. विदर्भातल्या गुणपत्रिकांवर 'उन्हाळी २०१४', 'हिवाळी २०१४' असं परीक्षेचं नाव असतं. इंग्रजीत ते समर आणि विंटर होतं, आणि इथल्या कारकुनाला वाटतं की तुम्ही उन्हाळी सुट्टीतलं सत्र केलंत. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट काढताना त्यात शैक्षणिक वर्ष, म्हणजे २०१३–१४ असं, स्पष्ट लिहून घ्या.

ट्रान्सक्रिप्ट कॉलेजचं चालत नाही. पदवी विद्यापीठाची आहे, म्हणून ते विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडूनच यायला हवं, एक तर त्यांनी परस्पर पाठवलेलं किंवा त्यांनीच सीलबंद केलेलं. तुम्ही इथे आहात, तेव्हा भाऊ-बहीण कोणीतरी तिकडे खेपा घालणार. त्यांच्याजवळ तुमच्या सहीचं अधिकारपत्र, तुमच्या आणि त्यांच्या ओळखपत्राच्या प्रती, सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिकांच्या आणि पदवी प्रमाणपत्राच्या प्रती, आणि मूल्यांकन संस्थेने दिलेला संदर्भ क्रमांक असलेला फॉर्म हवा. तो क्रमांक पाकिटावरही लिहायचा, नाहीतर तिकडे पोहोचलेलं पाकीट कोणाच्या फाइलला लावायचं हे त्यांना कळत नाही. पाकिटाच्या चिकटवलेल्या झडपेवर, अर्धा शिक्का झडपेवर आणि अर्धा पाकिटावर येईल असा विद्यापीठाचा शिक्का आणि सही लागते. घरी आणून 'नीट आहे ना बघू' म्हणून उघडलं की ते रद्द. पदवीदान समारंभाच्या वेळी प्रमाणपत्र उचललं नसेल तर आधी तेच काढायला लागेल. तात्पुरत्या प्रमाणपत्रावर दहा वर्षांनी कोणी काम करत नाही. आणि हे काम दिवाळीच्या तोंडावर किंवा हिवाळी परीक्षांच्या धामधुमीत घेऊ नका.

सगळ्यात जास्त फाइली नावावर अडतात. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव आणि पुष्कळदा शेजारी आईचं नाव. पासपोर्टवर लग्नानंतर नवऱ्याचं नाव आणि नवं आडनाव. इथल्या संगणकाला शेवटचा शब्द म्हणजे आडनाव वाटतो, त्यामुळे तुमच्या आईचं नाव तुमचं आडनाव होऊन बसतं. उपाय सोपा आहे, पण पहिल्या दिवशी करायचा. प्रत्येक अर्जात 'पूर्वीचं नाव' किंवा 'इतर नावं' अशी जागा असते. तिथे गुणपत्रिकेवर आहे त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने पूर्ण नाव लिहा. विवाह नोंदणी प्रमाणपत्राची इंग्रजी प्रत सोबत जोडा. लग्नात नावच बदललं असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रातली नावबदलाची नोंद लागेल. तिच्याशिवाय केवळ प्रतिज्ञापत्र सगळीकडे स्वीकारत नाहीत. मूल्यांकन संस्थेत एक स्पेलिंग आणि विद्यापीठाच्या अर्जात दुसरं, असं अजिबात करू नका.

इंग्रजीची परीक्षा द्यावी लागेल हे गृहीत धरा. काही विद्यापीठं इंग्रजी माध्यमाचं प्रमाणपत्र दिलं की परीक्षा माफ करतात, आणि कॉलेजकडून तसं पत्र 'मिळवून देतो' म्हणणारे भेटतात. तुम्ही पेपर मराठीतून लिहिलेत. असं पत्र जोडणं म्हणजे व्यवसायाच्या पहिल्याच अर्जात खोटं बोलणं, आणि हा व्यवसाय नीतिसंहितेवर चालतो. पुढे परवान्याच्या वेळीही तुमच्या चारित्र्याबद्दल प्रश्न विचारले जातात. टोफेल किंवा आयईएलटीएस द्या. निकाल दोन वर्षं चालतो, तेव्हा फार लवकरही देऊ नका. बहुतेक एमएसडब्ल्यू अभ्यासक्रमांना जीआरई लागत नाही, तो खर्च वाचला.

शिफारसपत्रं बहुधा तीन मागतात. आपल्याकडच्या पत्रांचा साचा ठरलेला असतो: 'मेहनती, प्रामाणिक, चारित्र्य उत्तम, उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा.' इथला वाचणारा अशा पत्रातून काहीच घेऊ शकत नाही. त्याला हवं असतं की या बाईने कुठलं काम केलं, किती लोकांसोबत, कुठे अडकली आणि पर्यवेक्षकाने चूक दाखवल्यावर काय केलं. एक पत्र फिल्डवर्क सुपरवायझर किंवा प्राध्यापकाचं घ्या, दुसरं संस्थेतल्या तुमच्या वरिष्ठांचं. त्यांना फोन करून तुमच्या कामातले तीन प्रसंग आठवून द्या आणि अर्जात काय विचारलंय ते सांगा. पत्राचा मसुदा मात्र तुम्ही लिहून पाठवू नका. तीनही पत्रांची भाषा तुमच्या निबंधासारखी निघाली की समिती ते ओळखते. आणखी एक बारीक गोष्ट: विद्यापीठाची प्रणाली शिफारस करणाऱ्याला ईमेलवर दुवा पाठवते. तो स्पॅममध्ये जातो, आणि सर किंवा मॅडम 'मला काहीच आलं नाही' म्हणतात. दुवा गेला त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर कळवा. शक्य असेल तर त्यांचा कॉलेजचा किंवा संस्थेचा ईमेल पत्ता द्या, कारण काही ठिकाणी खाजगी पत्त्यावरून आलेल्या पत्राकडे संशयाने पाहतात.

तिसरं पत्र इथलं असावं असं आम्हाला वाटतं. न्यू जर्सीत 'मानवी' ही दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करणारी संस्था १९८५ पासून आहे. तिच्याकडे आणि तुमच्या भागातल्या ज्येष्ठांच्या केंद्रांकडे स्वयंसेवक लागतात का ते विचारा. मराठी आणि हिंदी येणारी, आणि विधवांशी किंवा कर्जबाजारी कुटुंबांशी बोलायची सवय असलेली व्यक्ती त्यांना सहजासहजी मिळत नाही. काम खरोखर बिनमोबदला असायला हवं, म्हणजे एच-फोरवर अडचण येत नाही. सहा महिने नियमित जाल तर पत्र लिहायला माणूस तयार होतो.

निबंधावर मात्र सगळा जोर लावा, कारण ५८ टक्के असलेल्या फाइलला वर आणतो तो हाच. 'लहानपणापासून समाजसेवेची आवड' आणि 'गरिबांचं दुःख पाहवत नाही' ही वाक्यं तिथे टाकू नका. तुमच्या पत्रात आत्महत्याग्रस्त कुटुंबांचा उल्लेख एका ओळीत येऊन गेलाय. खरं तर निबंध तिथेच आहे. महाराष्ट्र सरकार पात्र कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत देतं, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. पात्र की अपात्र हे जिल्हास्तरीय समिती ठरवते. सातबारा सासऱ्याच्या नावावर असेल, कर्ज बँकेऐवजी परवाना नसलेल्या सावकाराचं असेल, तर प्रकरण अपात्रतेकडे झुकतं आणि त्या बाईच्या हाती काहीच पडत नाही. अशा एका प्रकरणात तुम्ही काय केलंत? तलाठ्याकडे कोण गेलं, कुठला कागद मिळाला, कुठला नाही, सासरच्यांशी कोण बोललं, आणि शेवटी निकाल काय लागला? निकाल अपात्र लागला असेल तर तेही लिहा. मग पुढचा परिच्छेद: एकेका घरासाठी कागद गोळा करणं आणि पात्रतेचे निकष बदलावे म्हणून धडपडणं, यातलं काय तुम्हाला जमलं, काय जमलं नाही, आणि ते शिकण्यासाठी हा अभ्यासक्रम का हवा. वैयक्तिक काम आणि धोरण यांचा हा सांधा एमएसडब्ल्यूची समिती निबंधात शोधत असते.

लिहिताना सातबारा, तलाठी, बचत गट हे शब्द पहिल्यांदा येतील तिथे अर्ध्या वाक्यात समजावून द्या आणि पुढे बिनधास्त वापरा. गावाचं आणि बाईचं नाव बदला, आणि बदललंय असं सांगा. गोपनीयता कळते हे त्यातून दिसतं. पानांची मर्यादा प्रत्येक ठिकाणी वेगळी असते आणि प्रश्नही वेगळे असतात. एकच निबंध पाच ठिकाणी चिकटवला की दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव आत राहून जातं. दर वर्षी कुणाचं तरी राहतं.

विद्यापीठं निवडताना सगळ्यात आधी सीएसडब्ल्यूईच्या यादीत अभ्यासक्रम आहे का ते पाहा. पदवीचं नाव पाहून ठरवू नका. केस वेस्टर्न विद्यापीठात हीच पदवी अनेक वर्षं एमएसएसए नावाने मिळत असे. उलट 'कौन्सेलिंग' किंवा 'ह्यूमन सर्व्हिसेस'मधलं मास्टर्स कितीही जवळचं वाटलं तरी त्यावर समाजकार्याचा परवाना मिळत नाही. न्यू जर्सीत एमएसडब्ल्यूनंतर एएसडब्ल्यूबी या परवाना मंडळांच्या संघटनेची मास्टर्स पातळीची परीक्षा देऊन एलएसडब्ल्यू हा परवाना आणि पुढे पर्यवेक्षणाखाली काम करून एलसीएसडब्ल्यू हा क्लिनिकल परवाना, असा क्रम आहे. तुमच्या घरापासून न्यू ब्रन्सविकचं रट्गर्स सर्वात जवळ, शिवाय युनियनचं कीन आणि वेस्ट लाँग ब्रांचचं मॉनमथ. ट्रेनने न्यूयॉर्क गाठता येत असलं तरी तिथली खाजगी विद्यापीठं महाग आहेत. आणि तुम्हाला पुढे काम न्यू जर्सीत करायचं असेल तर प्लेसमेंट न्यू जर्सीतच झालेली बरी, कारण नोकऱ्या पुष्कळदा प्लेसमेंटमधूनच मिळतात. चार-पाच अर्ज पुरेत.

एच-फोरबद्दल थोडक्यात. पूर्ण वेळ शिकता येतं, ऑनलाइन अभ्यासक्रमही चालतो. एफ-वनवाल्यांना (विद्यार्थी व्हिसावाल्यांना) पूर्ण ऑनलाइन चालत नाही. संघराज्य सरकारचं शैक्षणिक कर्ज मिळणार नाही, ते नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी. राज्यातल्या रहिवाशांची कमी फी तुम्हाला लागू होते का, हे प्रत्येक सरकारी विद्यापीठाला लेखी विचारा. फरक हजारोंमध्ये असतो. यजमानांचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर असेल तर तुम्हाला एच-फोर ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना, मिळू शकतं, आणि मग पगारी प्लेसमेंट व पुढे नोकरी दोन्ही खुली होतात. ईएडी नसेल तर प्लेसमेंटमध्ये विद्यावेतन, प्रवासभत्ता काहीही स्वीकारू नका आणि बिनपगारी प्लेसमेंटबद्दलही विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून लेखी घ्या. शिक्षण संपताना काम कुठल्या परवानगीवर करणार, हे दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच वकिलाशी बोला. एफ-वनवर जाण्याचा सल्ला कोणी दिला तर एवढं ठाऊक असू द्या की समाजकार्य हा स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषय नाही. ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करायची परवानगी, १२ महिन्यांचीच.

पुढच्या सप्टेंबरला वर्गात बसायचं असेल तर अमरावतीचे कागद आणि विद्यापीठांना ईमेल आत्ताच, म्हणजे दहा-बारा महिने आधी. अर्जांच्या पहिल्या मुदती डिसेंबर ते फेब्रुवारीत येतात आणि विद्यापीठाच्या मदतनिधीचे पैसे त्या पहिल्या मुदतीतच संपतात.

प्रवेश मिळाल्यावर फिल्डवर्कची तयारी उन्हाळ्यातच करा. एमएसडब्ल्यूला एकूण किमान ९०० तास लागतात. सर्वसाधारणपणे पहिल्या वर्षी आठवड्याला दोन दिवस आणि दुसऱ्या वर्षी तीन, तेही कार्यालयीन वेळेत, त्यामुळे घरी लहान मूल असेल तर पाळणाघराचा हिशोब आधी मांडा. न्यू जर्सीत बऱ्याच एजन्सी गाडी चालवता येते का हे पहिल्या फोनवरच विचारतात. लायसन्स ऑगस्टपूर्वी हातात हवं. बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमी तपासणी होते, आणि काम करायची परवानगी नसल्यामुळे सोशल सिक्युरिटी क्रमांक नसेल तर ते फिल्ड कार्यालयाला आधीच सांगा, म्हणजे पासपोर्टवर तपासणी करणारी एजन्सी ते शोधतील. लसीकरणाचे पुरावे मागतात, आणि क्षयरोगाची चाचणीही. आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणी बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे हातावरची त्वचा चाचणी क्षय नसतानाही सुजू शकते; मग छातीचा एक्स-रे, डॉक्टरचं पत्र, आणि प्लेसमेंट दोन-तीन आठवडे पुढे. डॉक्टरकडे गेल्यावर बीसीजी घेतल्याचं सांगा आणि रक्ताची चाचणी, आयजीआरए, मागा.